पंचमीच्या आधीचं बोर

बाबा,

काल लेकीच्या शाळेत बोरन्हाण केलं, आणि तेव्हापासून तुम्हाला विचारायची एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता विचारून काय उपयोग, हे मला कळतं. पण आज रविवार आहे, गच्चीत ऊन चांगलं आलंय, सासूबाई खाली जरा आडव्या झाल्यात आणि नवरा लेकीला घेऊन केस कापायला गेलाय. लिहायला एवढं पुरे.

आधी इथलं सांगते. मी अजून कोलकात्यात, बेहाल्यातच आहे, तुम्ही भाड्यानं घेतलेल्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. ज्या रस्त्याला तुम्ही "हा काही माझ्या हयातीत दुरुस्त होत नाही" म्हणायचात, त्याच्या डोक्यावरून आता मेट्रो जाते. खालचा रस्ता तुम्ही म्हणालात तसाच आहे. मी न्यू टाउनला नोकरीला जाते, जाण्यायेण्यातच जीव मेटाकुटीला येतो. आई पुण्याला धाकट्याकडे असते. मी इथल्याच, बंगाली मुलाशी लग्न केलं. तुम्ही असतात तर पहिला आठवडा त्याच्याशी बोलला नसतात आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्याबरोबर बुद्धिबळ मांडून बसला असतात, असा माझा अंदाज आहे. तुमची नात सहा वर्षांची आहे, पहिलीत. मला "आई" म्हणते, मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते बांगलात. मी मराठीत विचारायचं, तिनं बांगलात सांगायचं, असं आमचं चाललंय. मी तोंडानं काही म्हणत नाही. लागतं मात्र.

थंडी आली की इथल्या शाळांना काय होतं ते तुम्ही बघितलंय. अभ्यास गुंडाळून सगळे मैदानावर. स्पोर्ट्स, सोंगं घेऊन फिरायचं ते 'गो अ‍ॅज यू लाइक', आयांची संगीतखुर्ची, वडलांची चमचा-गोटी. तेव्हा सूचना डायरीत यायची, आता पालकांचा फोनवर ग्रुप आहे आणि तिथे खुर्च्या किती लागतील यावर दिवसभर दळण चालतं. यंदा शाळेनं ठरवलं की संक्रांतीनंतरच्या शनिवारी प्रत्येक घरानं आपल्याकडची थंडीतली एक गोष्ट आणायची आणि वर्गासमोर करायची. लेकीला विचारलं, तर तिचं उत्तर तयार होतं. ठाम्मा पाटीशाप्टा करणार. ठाम्मा म्हणजे तिची आजी, माझ्या सासूबाई. पाटीशाप्टा म्हणजे तांदळाच्या पातळ धिरड्यात गूळ-खोबऱ्याचं सारण, आणि ते त्यांच्यासारखं आमच्या गल्लीत कोणी करत नाही हेही खरं. "आणि मी काय करू?" मी विचारलं. "तुमी शुधू देखबे." म्हणजे मी नुसतं बघायचं.

तिनं ते लाडात सांगितलं, पण मला झोंबलं. बाबा, मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. सगळ्या वर्गासमोर, मैत्रिणींसमोर, आजीसमोर, एकदा तरी तिनं माझ्या बाजूला येऊन उभं राहावं. माझ्या घरचं म्हणून जे काही असेल ते आपलं म्हणावं. मी त्याच दिवशी मिसना सांगून टाकलं की आमच्या घरच्या दोन गोष्टी धरा, एक पाटीशाप्टा आणि एक बोरन्हाण. सांगून झाल्यावर तुम्ही केलेलं बोरन्हाण आठवलं.

मी दुसरीत होते. आई धाकट्याच्या वेळेस साताऱ्याला माहेरी गेली होती. घरात आपण दोघंच, आणि रोज तुमची मुगाची खिचडी. शाळेत असाच पालकांचा दिवस होता. त्याला सगळ्यांच्या आया यायच्या, तेव्हा आपल्याकडून कोणी जायचं नाही, हे मी धरूनच चालले होते. तुम्ही डायरीतली सूचना वाचलीत, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "करायचं तर नीट करायचं." मग कोपऱ्यावरच्या बूथवरून आईला फोन. ती पलीकडे हसत होती, ते मला खाली उभीला ऐकू येत होतं. "अहो, ते बायकांचं काम! आणि पाचाच्या आत करतात." तुम्ही म्हणालात, "तिचं राहिलंय ना? मग झालं. काय काय लागतं तेवढं सांग, मीटर पळतोय."

बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, चुरमुरे, रेवड्या. सगळं तुम्ही स्वतः बाजारात जाऊन आणलंत, शेजारच्या माशीमांनाही विचारलं नाहीत. बोरं गरम पाण्यानं धुतलीत. हलव्याचे दागिने इथे कुठले मिळायला, म्हणून सुई-दोरा घेऊन मखाणे ओवत बसलात. तो मुकुट डाव्या बाजूला कलायचा. मुख्याध्यापिकांना, ज्यांना सगळी शाळा बोडदी म्हणजे थोरली ताई म्हणायची, तुम्ही आपल्या इंग्रजीत सांगून आला होतात की मुलांवर फळांचा वर्षाव करणार. त्यांनी विचारलं होतं, "लागणार नाही ना डोक्याला?" तुम्ही म्हणालात, छे, लहान फळं आहेत. या गावात जानेवारीत फळ म्हटलं की संत्रं. त्यांच्या डोक्यात छोटी संत्री होती, तुमच्या डोक्यात बोरं. दोघांनीही पुढे काही विचारलं नाही आणि घोटाळा तिथेच झाला.

मिनीबसमध्ये तुम्ही ऑफिसच्या कोटात, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाट. मी काळ्या फ्रॉकमध्ये, मांडीवर पातेलं. मैदानावर पोचतो. वर्ग गोल करून उभा राहतो, मी मधोमध पाटावर बसते, मुकुट सावरते. तुम्ही दोन्ही हातांनी पातेलं उचलून माझ्या डोक्यावर धरता आणि ओतता. पोरं ओरडतात, धावतात, खाली वाकतात. मला वाटतं, जिंकलो. तेवढ्यात माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी हातातलं बोर विंचू धरल्यासारखं टाकते आणि किंचाळते, "कूल! सरस्वती पूजोर आगे कूल खेते नेई!"

पुढचं तुम्हाला कळलंच नाही, कारण तुमची बांगला बाजाराच्या पलीकडे गेलेली नव्हती. मला मात्र लख्ख कळत होतं. कूल म्हणजे बोर, आणि ते सरस्वतीपूजेच्या आधी खायचं नसतं. खाल्लं तर देवी रागावते आणि पोर नापास होतं. इथल्या प्रत्येक मुलाला हे पाटी धरायच्या आधी शिकवतात. सगळी पोरं दोन पावलं मागे सरली. आयांनी आपापली मुलं ओढून घेतली. रेवड्या गेल्या, चुरमुरे गेले, बोरं तेवढी गवतात राहिली. आणि तुम्हाला वाटलं, त्यांना ती अस्वच्छ वाटली. तुम्ही हिंदीत सगळ्यांना सांगत सुटलात, "धोया हुआ है बेटा, गरम पानी से धोया है, लो ना." कोणी घेईना. मग तुम्ही एक उचललंत, रुमालाला पुसून स्वतः खाल्लंत. दुसरं पुसून माझ्यापुढे धरलंत. "खा बाळ. तू खा म्हणजे ते खातील."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मार्चमध्ये परीक्षा होती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणजे काय ते मला दुसरीतच समजलं. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोर तोंडात टाकलं. तुमचा चेहरा असा काही उजळला!

बोडदी धावत आल्या आणि इंग्रजीत त्यांनी तुम्हाला सगळं समजावलं. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. तुम्ही दोनतीनदा सॉरी म्हणालात. मग कोटाची टोकं सावरत खाली बसून गवतातली बोरं वेचलीत, पाट गुंडाळलात आणि आपण निघालो. मिनीबसमध्ये खिडकीशी मी, शेजारी तुम्ही. तुम्ही एरवी बसमध्ये बोलत नसायचात, त्या दिवशी बोलत होतात. थंडी वाजते का, मी म्हटलं "हं". मुकुट आवडला का, "हं". भूक लागली का, "हं". थोड्या वेळानं तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मग घर येईपर्यंत काही विचारलं नाहीत.

त्या संध्याकाळी तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलंत. "यांची सरस्वतीपूजा केव्हा?" मी सांगितलं. तुमचं बोट पुढे सरकत गेलं. "म्हणजे आपली वसंत पंचमी. दुसऱ्या दिवशी षष्ठी. सप्तमीला रथसप्तमी." तुम्ही चष्मा काढलात. "बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं. मग अडलंय कुठं? त्यांचंही राहील, आपलंही राहील." मला वाटलं, बोडदींच्या बोलण्याचा हा परिणाम. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांची परवानगी घेऊन आलात. पंचमीला पोरांनी पूजा केली, पिवळे कपडे घातले, प्रसादात बोर खाल्लं. षष्ठीला इथे चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं गार जेवण जेवले. आणि सप्तमीला तुम्ही पुन्हा कोट घालून, काखेत पाट मारून शाळेत हजर. या वेळी पोरं माझ्या अंगावरच पडली. मुकुट मोडला, फ्रॉकचा खिसा फाटला, आणि ज्या मुलीनं किंचाळून गोंधळ केला होता तिनंच सगळ्यात जास्त बोरं पळवली. तुम्ही रिकामं पातेलं घेऊन उभे होतात आणि हसत होतात. त्यानंतर मी असताना शाळेत दरवर्षी रथसप्तमीला ते होत राहिलं. नवी पोरं तर समजत असतील की ही शाळेचीच चाल आहे.

हे सगळं माहीत असून मी काल तेच करायला निघाले, याला काय म्हणावं? अगदी तेच नाही म्हणा. वर्गासाठी मी बोरं घेतलीच नाहीत. मुरमुरे, मटार, उसाचे तुकडे, रेवड्या, संत्र्याच्या गोळ्या असंच सगळं घेतलं. बोरांशिवाय बोरन्हाण. पण आयत्या वेळी मन खाऊ लागलं, म्हणून मूठभर बोरं रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. फक्त लेकीपुरती, शास्त्रापुरती. असं मी स्वतःला सांगितलं.

सासूबाईंचा पाटीशाप्टा बघता बघता संपला. मिस दोनदा घेऊन गेल्या. मग माझी पाळी. लेक पाटावर बसली. मी वर्गावर मुरमुरे-गोळ्या उधळल्या, पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं, सगळं छान चाललं होतं. तिथे थांबायला काही हरकत नव्हती. मी रुमाल सोडला आणि बोरं तिच्या एकटीच्या डोक्यावर ओतली. पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलंच, "ए, कूल!" खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला, "की कोरछो बोउमा!" काय करतेस सूनबाई, एवढंच. रागावून नाही, घाबरून.

लेकीनं मांडीवरचं एक बोर उचललं. आजीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, "खा बाळ."

तिनं ते तोंडात टाकलं. खोटं कशाला बोलू, बाबा, मला गुदगुल्या झाल्या. मी सासूबाईंकडे असं बघितलं की जशी काही निवडणूक जिंकलेय.

नवरा चमचा-गोटीत पहिल्याच फेरीत बाद होऊन चहा पीत होता. तो मागे थांबला सामान आवरायला. मी, लेक आणि सासूबाई ऑटोत बसलो. लेक मधे. मी विचारलं, मजा आली का? "हं." गोळ्या किती मिळाल्या? "हं." मी मान वळवून नीट पाहिलं. तिचा उजवा गाल फुगलेला होता. तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ती काय करतेय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी तेच केलं होतं. तुम्ही दिलेलं बोर मी चावलं नव्हतं. गालात धरलं होतं, मैदानापासून मिनीबसमधून थेट घरापर्यंत, आणि घरी आल्यावर मोरीत थुंकलं होतं. ते जाळीवर अडकलं, ते मी अंगठ्यानं आत ढकललं आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. सरस्वतीही रागावायला नको आणि तुमचंही तोंड उतरायला नको. दुसरीतल्या डोक्याला याहून चांगला तोडगा सुचला नव्हता, आणि मला तो फार मोठा पराक्रम वाटायचा. इतकी वर्षं मनात होतं की त्या दिवशी मैदानात मी तुम्हाला सांभाळून घेतलं.

मी लेकीच्या हनुवटीखाली तळहात धरला. तिनं आधी आजीकडे पाहिलं. आजी बाहेर बघत होती. मग तिनं ते हळूच माझ्या हातावर सोडलं. अख्खं, ओलं, एक दात लागलेला नाही. मी ते रुमालात बांधलं. ती माझ्या कुशीत डोकं खुपसून म्हणाली, "आई, रागवलीस?" मराठीत. बाबा, या एका वाक्यासाठी मी इतके दिवस आसुसले होते, आणि ते असं यावं याची मला लाज वाटली. मी "नाही गं" म्हटलं आणि तिचे केस नीट करत राहिले.

घरी आल्यावर सासूबाईंना चहा दिला. मला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या चहा पिऊन म्हणाल्या, आणि हे त्या त्यांच्या भाषेतच म्हणाल्या, "पोरीला असं दोघींच्या मधे नको धरत जाऊस. तिनं खाल्लं नाही, ते मला खुर्चीतून दिसत होतं. गाल कुठे लपतो का?"

माझ्या हातात कपबशी होती. मी ती खाली ठेवली. गाल लपत नाही. सासूबाईंना मैदानाच्या पलीकडून दिसला. आणि तुम्ही तर माझ्या शेजारी होतात, बाकावर खांद्याला खांदा लावून. तुम्ही विचारत होतात आणि मी हं-हं करत होते, आणि तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत आणि गप्प झालात. मग घरी येऊन कॅलेंडर काढलंत. बोडदींमुळे नाही.

तुम्हाला माहीत होतं ना? हेच विचारायचं होतं. मोरीत दोन तांबे ओतल्याचा आवाज तुम्ही बाहेरच्या खोलीत बसून ऐकला असेल आणि काही बोलला नसाल. मी लेकीच्या हनुवटीखाली हात धरला, तुम्ही माझ्या धरला नव्हतात. तुम्ही मला तो पराक्रम माझ्याजवळ ठेवू दिलात आणि तारीख बदललीत. मी काल सगळ्यांसमोर जिंकायला बघत होते, आणि तुम्ही भर मैदानात हरून कधी त्याचं नावसुद्धा काढलं नाहीत. मला तुमची फार आठवण येते, बाबा. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, आईलाही नाही.

असो. काल संध्याकाळीच मी कॅलेंडर बघितलं. सासूबाईंना म्हटलं, सप्तमीला आपल्या गच्चीवर करूया, सगळ्या वर्गाला बोलावून. पंचमी होऊन गेलेली असेल. त्यांनी बोटांवर तिथी मोजल्या आणि मान डोलावली. म्हणाल्या, "मग चालेल. पण कूल मी आणणार. तू आणतेस ती आंबट असतात." लेकीनं विचारलं, ठाम्मा ओतणार की आई? सासूबाई म्हणाल्या, एक हात तिचा, एक माझा. पातेलं कसं धरायचं ते आता आम्हाला ठरवावं लागेल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून परत वाचूनही बघत नाही. तुम्ही असतात तर लाल पेनानं निम्मं खोडलं असतंत. ते बोर मी धुऊन ओट्यावर वाटीत ठेवलंय. टाकवत नाही. सकाळपासून दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं, कारण पंचमी अजून व्हायची आहे. लेकीला तोंड वर करून "खा बाळ" म्हणणारी मी, या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून, सरस्वतीपूजेच्या आधी एकही बोर खाल्लेलं नाही. तुम्ही पुसून दिलेलं तेसुद्धा नाही. पण ते तुम्हाला माहीतच होतं.